अभिमनची चौकशी

माझा मुलगा वेडा नाही आणि द्वाडही नाही, हे मी पहिल्याच ओळीत लिहून मोकळा होतो. पुढची हकीकत वाचून ज्याला हसू येईल त्यानं खुशाल हसावं, पण आम्हा मोठ्यांवर हसावं. हसण्यासारखं जे काही झालं ते मी, आमची गल्ली, एक हेडमास्तर आणि एक कंपाउंडर यांनी मिळून केलं. अभिमननं फक्त हालचाल केली.

ती मात्र पुष्कळ केली. वयाच्या आठव्या वर्षी जळगावच्या एका शाळेनं त्याला काढून टाकलं होतं आणि दुसरी शाळा त्याच विचारात होती. तिसरी शाळा आमच्या ऐपतीत नव्हती. म्हणजे ही गेली की अभिमननं कापसाच्या जिनात जाऊन सरकीच्या ढिगावर बसायचं. बसायचं म्हणजे तिथेही तो बसला नसताच.

सन अडतीसच्या दसऱ्यानंतर हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. मी म्युनिसिपालिटीच्या जकात नाक्यावर कारकून. दिवसभर गाडीवानांशी हुज्जत घालण्याचाच मला पगार मिळतो, त्यामुळे हेडमास्तरांशी हुज्जत घालायला मला वेगळी तयारी लागत नाही. हेडमास्तर खोलीत बसले होते असं लिहिणं धाडसाचं होईल. ते बोलता बोलता खिडकीशी जात, तपकीर ओढत, परत येत, टेबलावर छडी आपटत आणि पुन्हा खिडकीशी जात.

"हा मुलगा बसत नाही," ते म्हणाले आणि खिडकीशी गेले.

मग गुन्हे वाचून दाखवावेत तसे त्यांनी सांगितले. प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो, आणि ते दुसऱ्याच प्रश्नाचं असतं. गणित अर्धं सोडून बाहेरचा कावळा बघतो. पाट्या हरवतो. शाळेची घंटा कशी वाजते ते बघायला घंटेला लोंबकळला, आणि शाळा दुपारीच सुटली. शेवटी ते म्हणाले, "आणि हे सगळं मुद्दाम करतो. मुद्दाम." दिवाळीची सुटी संपून शाळा उघडेल तेव्हा, मुलगा शाळेत बसण्यालायक आहे असा डॉक्टरचा दाखला आणा, नाहीतर नाव काढलं म्हणून समजा.

शाळा ही बसण्याची जागा आहे, शिकण्याशी तिचा संबंध योगायोगाचा, हे मला चौथीतच समजलं होतं. म्हणून मी शाळा सोडली आणि पुढचं सगळं घरी, कंदिलाशी बसून शिकलो. पण मी शिकलो तसं अभिमननं शिकावं असं म्हणायला माझी जीभ धजेना. माझ्यासारखं शिकलेल्या माणसाला नाक्यावरच उभं राहावं लागतं. मी हेडमास्तरांना सांगितलं, दाखला आणतो. आणि तो आणायचाच, हे तिथेच पायरीवर ठरवलं.

आता गल्लीत गुप्त गोष्ट म्हणजे काय, तर जी फक्त गल्लीला माहीत असते. मी घरी पोचलो तेव्हा ओट्यावर वना आबा आणि झुंबर अक्का माझी वाटच पाहत होते. वना आबा रेल्वेतून पेन्शन घेतलेले पॉइंट्समन, आणि जगातली कुठलीही गोष्ट रुळावर आणता येते असं त्यांचं मत. त्यांनी सुचवलं की पोराच्या पायात शिशाचं कडं घालावं, वजनानं आपोआप थांबेल. मी विचारलं, इंजिनाला तुम्ही कडं घालत होता का? ते रागावले. झुंबर अक्कांचं घर आमच्या घराला भिंतीला भिंत लागून. त्यांचे वाळत घातलेले पापड, त्यांची शेळी आणि त्यांची दुपारची झोप या तिन्ही गोष्टींवर अभिमनची धाड रोज पडे, आणि "मेल्या, तुझं मढं बशिवलं" या शब्दांनी आमच्या भिंतीपलीकडचा दिवस सुरू होई. त्यांनी एदलाबादहून मुक्ताईचा अंगारा आणवला आणि स्वतः त्याच्या कपाळाला लावला. लावताना तो स्थिर नव्हता, म्हणून अर्धा अंगारा माझ्या कोटाला लागला. गुण आला असेल तर कोटाला आला.

मी म्हटलं, दाखला डॉक्टरचा पाहिजे, तर डॉक्टरकडेच जाऊ. पहिल्या डॉक्टरांनी अभिमनकडे न बघता एरंडेल दिलं. त्या दिवशी त्याची पळापळ वाढली, हे सांगायला नको. दुसऱ्यांनी एक खारट पातळ औषध दिलं, दिवसातून तीनदा एक चमचा. ते घेऊन अभिमन शाळेत गेला आणि बाकावर डोकं टेकून झोपला. दुसऱ्या दिवशीही झोपला. घरी ताटाशी झोपला, आणि मी हाक मारली तर डोळे उघडून ओळख नसल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. त्याची आई पदर तोंडाला लावून आत गेली. त्या आठवड्यात हेडमास्तरांचा निरोप आला की मुलात फार सुधारणा आहे, असंच चालू ठेवा.

ती बाटली मी गटारात ओतली. मेलेलं पोर याहून सुधारलेलं असतं, असं निरोप आणणाऱ्या शिपायाला सांगितलं. त्यानं ते हेडमास्तरांना सांगितलं की नाही ते मला माहीत नाही, पण सांगावं म्हणूनच मी बोललो होतो.

मग कळलं की धुळ्याला, पांझरेच्या पलीकडे देवपुरात एक डॉक्टर आहेत, गुजराथी नावाचे, आणि ते फक्त मुलांनाच तपासतात. गल्लीला हे पटलं नाही. वना आबा म्हणाले, मुलांचा वेगळा डॉक्टर म्हणजे अर्धी फी घेत असेल. घेत नव्हते.

आम्ही सर्व्हिस मोटारीनं निघालो. एरंडोलपर्यंत अभिमननं ड्रायव्हरचा भोंगा वाजवला. पारोळ्याच्या आधी एका बाईच्या टोपलीतली कोंबडी मोकळी झाली, आणि मोटारीतल्या उतारूंनी माझं घराणं, माझं शिक्षण आणि माझं वळण यांवर मोकळेपणानं मतं दिली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. मनात मात्र खूश होतो. म्हटलं, डॉक्टरांसमोर हा याच्या निम्मं जरी करेल तरी काम झालं.

डॉक्टरांच्या खोलीत अभिमन खुर्चीवर बसला, आणि बसून राहिला.

समोर पितळेचा तराजू होता, तान्ह्या मुलांना तोलायचा. त्याच्या पारड्याकडे तो बघत बसला. पाय स्थिर, हात मांडीवर, तोंड मिटलेलं. देव्हाऱ्यात नेऊन ठेवला असता तर कोणी फूल वाहिलं असतं. डॉक्टरांनी त्याचे डोळे पाहिले, कानामागे घड्याळ धरून ऐकू येतं का ते पाहिलं, पोट दाबलं, जीभ पाहिली. जन्मताना रडला का, ताप डोक्यात गेला होता का, जंत पडतात का, रात्री घोरतो का, असं विचारत गेले. हे केव्हापासून, या प्रश्नाला मी म्हणालो, चालायला लागल्यापासून. खरं म्हणजे तो चालायला लागलाच नाही, एकदम पळायला लागला. आणि अभिमन आपला बसलेला. मी त्याला हळूच चिमटा काढला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तराजूकडे बघू लागला. एवढ्या लांब, एवढे पैसे खर्चून, स्वतःच्या मुलानं खोडी करावी म्हणून त्याला चिमटे काढणारा बाप डॉक्टरांनी बहुधा पहिलाच पाहिला.

"राहू द्या," ते म्हणाले. "माझ्या खोलीत सगळीच पोरं शहाणी असतात. नवी जागा, नवा माणूस, चकचकीत सामान. इथे माझे डोळे कामाचे नाहीत."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला पटलं, कारण इतक्या लोकांत विचार करून बोललेला हा पहिलाच माणूस. अशी मुलं असतात, ते म्हणाले. विलायतेतले चार डॉक्टर त्याला चार नावं देतात, अजून एक नाव ठरलेलं नाही. बुद्धी चांगली असते, पण लक्ष हातातल्या पाऱ्यासारखं असतं. पण तसंच आहे हे म्हणायला पुरावा लागतो. घरी बघणारा आणि शाळेत बघणारा, दोघांची साक्ष हवी, आणि ती एकमेकांशी न बोलता दिलेली हवी. दोन्हीकडे, बरेच महिने, त्याच्या वयाच्या इतर मुलांहून फार जास्त असं दिसलं, तर मुलाची घडणच तशी. एकाच जागी दिसलं, तर आधी त्या जागेत खोट शोधायची. मी म्हणालो, घरची साक्ष मी देतो. ते म्हणाले, बाप एक तर झाकतो नाहीतर फुगवतो, शेजारी बरे. हेडमास्तरांना ते टपालानं विचारणार होते. आणि त्यांचा कंपाउंडर मगन औषधांच्या पेट्या घ्यायला जळगावला येणारच होता, तो गल्लीत चार घरी विचारून जाईल. "फक्त आधी कोणाला सांगू नका. पढवलेली साक्ष मला नको."

मी तत्त्वाचा माणूस आहे. कोणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. माझ्या तत्त्वांनी माझं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं जकातीत कोणी चोरटी गाडी घालूनही केलेलं नाही.

मगन आला तो परीटघडीचा कोट, काळी टोपी आणि हातात छत्री असा. पोराला वेडा ठरवायला आलेत अशी ओरड नको, म्हणून डॉक्टरांचं नाव घ्यायचं नाही असं त्यानं आपल्या मनानं ठरवलेलं. तो झुंबर अक्कांच्या ओट्याशी थांबला, धुळ्याहून आलो म्हणाला, आणि अदबीनं विचारलं, तोतारामभाऊंचा मुलगा कसा आहे हो?

परगावचा माणूस, कडक कोट, आणि शेजारच्या मुलाची चौकशी. आमच्या गल्लीत या प्रश्नाला एकच अर्थ आहे आणि त्याला एकच उत्तर आहे. कोणाची सोयरीक जुळत असेल तर खोटं बोललेलं पाप लागत नाही, आणि खरं बोलून मोडली तर ते सात जन्म फिटत नाही. बालविवाहबंदीचा शारदा कायदा होऊन किती वर्षं झाली, पण आठ वर्षांच्या पोरासाठी आत्ताच शब्द टाकून ठेवणारे लोक धुळ्यात असतील याबद्दल अक्कांना तीळमात्र शंका आली नाही. त्या दिवशी सकाळीच अभिमननं त्यांची शेळी धान्याच्या कोठीत कोंडली होती.

"पोऱ्या? गाय शे, गाय," अक्का म्हणाल्या. "तोंडवर माशी बसनी तरी उडावत नई. बठ्ठी गल्लीमा असा पोऱ्या नई."

सगळ्या गल्लीत असा मुलगा नाही, असं मगननं लिहून घेतलं आणि विचारलं, सांगितलेलं काम लक्षात ठेवतो का? अक्का म्हणाल्या, एकदा सांगितलं की दगडावरची रेघ. पुढे वना आबांनी सांगितलं की मुलगा सकाळी पाटी घेऊन बसतो तो जेवायलाच उठतो, तेही हाक मारावी लागते. चौथ्या घरी विचारत असताना लिंबाच्या झाडावरून एक पोरगा खाली मगनच्या छत्रीवर उतरला, छत्री घेऊन पळाला, आणि वळणावर ती टाकून परत झाडाकडे आला. मगननं अभिमनला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यानं विचारलं, हा कोण? मागोमाग आलेले वना आबा क्षणभरही अडखळले नाहीत. ते बाहेरगावचं आहे, म्हणाले, पाहुणं आलंय, दोन दिवसांत जाईल. मग अक्कांनी मगनला बसवून घेतलं आणि भरीत-भाकरी वाढली. मुलीकडचा माणूस उपाशी जाऊ नये म्हणून शेजारच्या घरातून लोणी आलं. मी तेव्हा नाक्यावर होतो. संध्याकाळी घरी येताना प्रत्येक ओट्यावरून लोक माझ्याकडे बघून गालात हसत होते. मी समजलो, साक्ष खरी झालेली दिसते.

दोन दिवसांनी चोपड्याहून पंडित पाटील नावाचे केळीचे बागाईतदार दारात उभे राहिले. बरोबर केळीचे घड आणि नारळ. धुळ्याची पार्टी तुमच्या मुलासाठी येऊन गेली असं कळलं, म्हणाले, म्हटलं आपण मागे राहू नये. आमची मुलगी सहा वर्षांची आहे, कायद्यानं लग्न उशिरा करू, शब्द आज घेऊन ठेवा.

वाचनालयाच्या दिवाणखान्यात बालविवाहाच्या विरुद्ध मी उभा राहून बोललो होतो, आणि असा बोललो होतो की दोन वकील उठून गेले. तोच मी दारात नारळ घेऊन उभ्या माणसाला परत लोटत होतो आणि गल्ली पाहत होती. मी पंडित पाटलांना जे बोललो ते छापण्यासारखं नाही. ते शांतपणे म्हणाले, मुलाचा बाप तापट आहे, पण मुलगा गाईसारखा आहे म्हणतात. केळी त्यांनी ओट्यावरच ठेवली आणि निघून गेले. त्यातली निम्मी अभिमननं झाडावर नेली.

मग मला सगळं उलगडलं, आणि त्याच दिवशी डॉक्टरांचं पत्रही आलं. शाळेत मुलगा राक्षस, घरी मुलगा संत, अशा दोन साक्षी आल्या आहेत. म्हणजे मुलाच्या घडणीत दोष दिसत नाही, खोट शाळेत असावी. हेडमास्तर फार मारतात का?

खरं सांगायचं तर पत्र वाचून मला अर्धा तास फार बरं वाटलं. ते घेऊन हेडमास्तरांच्या टेबलावर आपटावं असं वाटलं. पण त्यानं काय झालं असतं? हेडमास्तर फार मारत होते, हे खरं. पण न मारणाऱ्या माझ्या घरातही अभिमन एका जागी राहत नव्हता, हेही तितकंच खरं. खोट्या साक्षीवर आणलेला दाखला मला नको होता. मला पोराला उपयोगी पडेल असा दाखला हवा होता.

तेव्हा मी दारोदार गेलो. आजवर कोणा बापानं केली नसेल अशी विनंती केली, की कृपा करून माझ्या मुलाबद्दल वाईट बोला. जे रोज सकाळी भिंतीपलीकडून बोलता तेच बोला. गल्लीनं कानावर हात ठेवले. लेकराची निंदा, आणि आमच्या तोंडून? तो डॉक्टरचा माणूस होता हे सांगितल्यावर तर सगळे माझ्यावरच उलटले, की आधी सांगायला काय झालं होतं. वना आबांनी निवाडा दिला की एकदा दिलेला सिग्नल गाडी आत आल्यावर फिरवत नसतात.

मी म्हटलं, ठीक आहे. मी अक्का आणि आबा दोघांना मोटारीत घातलं. तिकिटं मी काढली, धुळ्याची शेव खाऊ घालण्याचं कबूल केलं, आणि अभिमनला दोघांच्या मध्ये बसवलं. पारोळ्यापर्यंत तो दोघांच्या अंगावरून किती वेळा आला-गेला ते आबांनी मोजायचं सोडून दिलं. एकदा त्यानं अक्कांचा डबा खिडकीबाहेर धरला आणि तो खाली पडला. अक्का ओठ मिटून बसल्या. मुलीकडच्या गावाला चाललो आहोत असंच त्यांच्या मनानं अजून धरलेलं होतं.

देवपुरात तीच खोली, तोच तराजू. अभिमन बसला, आणि पुन्हा देव झाला. डॉक्टरांनी अक्कांना विचारलं. अक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सुरुवात केली, की पोर गरीब आहे, बसलं की उठत नाही. आबांनी मान डोलावली. मी भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. ते म्हणाले, असं असेल तर याला काहीच झालेलं नाही. मग हेडमास्तर लिहितात तेच खरं मानावं लागेल. "ते म्हणतात, पोर शाळेत सगळं मुद्दाम करतं."



"मुद्दाम?" अक्का म्हणाल्या.

डॉक्टरांनी हेडमास्तरांचं पत्र त्यांच्यापुढे सरकवलं.

"मुद्दाम नई करत तो." अक्का खुर्चीच्या पुढे सरकल्या. "कोन सांगे? हेडमास्तर? त्या हेडमास्तरले म्हनावं माझ्या वट्यावर येऊन सांग."

आणि मग झुंबर अक्का खरं बोलल्या. मी इतकी वर्षं त्यांच्या भिंतीपलीकडे राहतो, पण त्यांनी माझ्या मुलाला एवढं पाहिलं असेल हे मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं की मीठ आणायला पाठवला तर तो दुकानापर्यंत पळत जातो आणि तिथे उभा राहून काय आणायचं ते आठवत बसतो, आणि आठवलं नाही की रडतो. पापड तुडवल्यावर स्वतःच येऊन सांगतो आणि सांगता सांगता पुन्हा तुडवतो. रांगता होता तेव्हापासून असंच. गोष्ट ऐकायला येतो, अर्धी ऐकून जातो, आणि रात्री दारात येऊन विचारतो पुढे काय झालं. झोपेतसुद्धा त्याचे पाय चालतात, भिंतीतून ऐकू येतं. शेळी कोठीत कोंडली ती बाहेर ऊन फार होतं म्हणून. पण हे सगळं सांगितल्यावर त्या थांबल्या आणि डॉक्टरांकडे बोट करून म्हणाल्या, की द्वाड पोरं मी पाहिली आहेत. द्वाड पोर आपल्याकडे बघून करतं. हे पोर बघतही नाही.

आबांनी घसा खाकरला आणि कबूल केलं की पाटी घेऊन बसतो ही गोष्ट त्यांनी जरा वाढवून सांगितली होती. पाटी त्यानं मागच्या महिन्यात विहिरीत टाकली. खोली किती आहे ते बघायला.

डॉक्टर भराभर लिहीत होते. मी अभिमनकडे पाहिलं. तो तराजू सोडून अक्कांकडे बघत होता.

मला वाटत होतं आता गोळ्या मिळतील. डॉक्टर म्हणाले, अमेरिकेत कोणी गोळी देऊन पाहिली आहे असं वाचलं, पण ती बातमी फार ताजी आहे, तुमच्या पोरावर मी प्रयोग करणार नाही. शिवाय इतक्या लहान वयात आधी मोठ्या माणसांना औषध द्यावं लागतं. मग औषध सांगितलं, ते असं. एका वेळी एकच काम सांगायचं, जवळ जाऊन, डोळ्यांत बघून, हळू आवाजात. केलं की लगेच शाबासकी, संध्याकाळपर्यंत ठेवायची नाही. उठणं, जेवणं, झोपणं रोज ठरल्या वेळी. शाळेत मास्तरांच्या अगदी समोरचा बाक, खिडकीपासून लांब. धडा तुकड्यातुकड्यानं, आणि मध्ये उठायला काहीतरी निमित्त: फळा पुसणं, पाणी पिऊन येणं. छडी बंद, कारण जे त्याच्या हातात नाही त्याबद्दल मारून ते हातात येत नाही. शाळेनं आणि घरानं आठवड्यातून एकदा एकमेकांना खरं सांगायचं. हे दाखल्यात लिहून त्यांनी खाली सही केली: मुलगा शाळेत बसण्यालायक आहे, मात्र त्याला मधून मधून उठू द्यावे.

परतीच्या मोटारीत गल्लीचं औषध सुरू झालं. आबा अभिमनच्या डोळ्यांत डोळे घालून, नाकाला नाक लावून, हळू आवाजात म्हणाले, बस. तो बसला. दोघांनी मिळून एवढी शाबासकी दिली की ड्रायव्हरनं मोटार थांबवून काय झालं ते विचारलं.

सुटी संपल्यावर दाखला घेऊन मी शाळेत गेलो. हेडमास्तरांनी तो उभ्यानं वाचला, वाचता वाचता खिडकीशी गेले, तपकीर ओढली, परत आले. शाळेत डॉक्टरचं राज्य नाही, म्हणाले. उद्या सगळीच पोरं पाणी प्यायला उठतील. मी म्हणालो, उठू देत, तहान लागत असेल. त्यांनी छडी टेबलावर आपटली आणि सांगितलं की विचार करून सोमवारी कळवतो, बहुधा नाव काढावंच लागेल.

मी नाक्यावर आलो तेव्हा माझ्या डोक्यात त्यांच्याविरुद्ध एक लेख पुरा तयार होता. पहिला परिच्छेद तर असा होता की छापखान्याचे खिळे तापले असते. इतक्यात टांग्यातून एक गृहस्थ उतरले. परीटघडीचा कोट, हातात छत्री. अमळनेरहून आलो, म्हणाले. अदबीनं जवळ आले.

"शाळेचे हेडमास्तर इथलेच ना? त्यांची मुलगी आहे सोळा-सतरा वर्षांची. आमच्या भाच्यासाठी विचार आहे. घर कसं आहे हो? बाप फार तापट, मारकुटा, असं कानावर आलं. मुलीवर बापाचं वळण असतं, म्हणून विचारतो."

मी आयुष्यात कोणाची भीड धरलेली नाही. मामलेदाराला तोंडावर बोललो आहे. आणि इथे तर नुसतं खरं बोलायचं होतं. छडी, तपकीर, उठाबशा, सगळं जिभेच्या टोकाशी येऊन उभं होतं. हेडमास्तरांची मुलगी मी एकदाच पाहिली होती. शाळेच्या मागच्या दारानं ती बापाचा डबा घेऊन आली होती आणि आत ओरडणं ऐकून दाराशीच थांबली होती. बापाच्या रागाची फेड तिच्याकडून करून घ्यायची? जे तिनं केलंच नाही त्याची?

अमळनेरचे गृहस्थ थांबले होते. नाक्यापाशी एक गाडी अडून होती, तिचा गाडीवानही ऐकत होता.

"गाय शे, गाय," मी म्हणालो. "बठ्ठं घर."

माझ्या तोंडून हे निघालं यावर माझाच विश्वास बसेना. गृहस्थांनी नमस्कार केला आणि टांगा शाळेच्या रस्त्याला लागला. गाडीवानानं माझ्याकडे फार आदरानं पाहिलं आणि त्या दिवशी हुज्जत न घालता जकात भरली. लेख मी लिहिला नाही. म्हणजे लिहिला, पण त्यात नाव घातलं नाही, आणि तो छापला गेला नाही.

मी सौदा केला नव्हता. हेडमास्तरांना काही कळवलंही नव्हतं. सोमवारी मी अभिमनचा हात धरून शाळेत गेलो तो भांडायच्याच तयारीनं गेलो. वर्गाच्या दाराशी उभा राहिलो. हेडमास्तरांनी मला पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून एवढंच समजलं की अमळनेरच्या माणसानं नाक्यावर कोणी काय सांगितलं ते सगळं त्यांना सांगितलेलं आहे.

त्यांनी समोरच्या बाकावरच्या मुलाला मागे पाठवलं आणि अभिमनला तिथे बसायची खूण केली. छडी टेबलावर नव्हती. सवयीनं त्यांचा हात तिच्या जागेवर एकदा गेला आणि खडू घेऊन परत आला.

मी निघायला हवं होतं, पण निघालो नाही. धडा सुरू झाला. अभिमन बसला, बराच वेळ बसला. मग त्याचा एक पाय बाकाखाली चालू लागला, मग दुसरा, आणि तो उठला. सगळा वर्ग थांबला. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं. मग ते बाकापाशी गेले, वाकले.

"जा, पाणी पिऊन ये."

अभिमन पळत गेला. रांजणापर्यंत पोचला आणि तिथे उभा राहिला, आपण कशाला आलो ते आठवत. आठवेना. तो परत आला आणि हेडमास्तरांच्या समोर उभा राहिला. त्याचं तोंड रडवेलं होऊ लागलं होतं.

हेडमास्तर पुन्हा वाकले, त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि तीच एक गोष्ट पुन्हा सांगितली. हळू आवाजात.